देवमनभाऊचे डाक्टर

गावाचं नाव लिहीत नाही. चूक माझी आहे, गावाची नाही. मेहकर तालुक्यातलं, जानेफळहून दुचाकीवर वीसेक मिनिटांचं एक मोठं खेडं, एवढं पुरे. तिथे जनावरांचा सरकारी दवाखाना होता. त्याच्या पांढऱ्या भिंतीवर निळ्या अक्षरांत माझं नाव होतं, नावापुढे पदवी होती, आणि तिथे येणारा प्रत्येक माणूस फाटकातूनच विचारायचा, "देवमनभाऊ हायेत का?"

मी समोर खुर्चीत बसलेला असायचो. स्वच्छ कोट, गळ्यात नळी. तरी विचारायचे. देवमनभाऊ नसले तर म्हैस वळवून परत निघायचे आणि जाताना माझी समजूत काढायचे, "असू द्या साहेब, उद्या येतो." जसा काही मीच आजारी होतो.

देवमनभाऊ आमच्याकडे व्रणोपचारक होते. हा कागदावरचा शब्द, लोक ड्रेसर म्हणत. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, मी सुई टोचेपर्यंत जनावर धरायचं, एवढंच त्यांचं काम. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या झटक्यात. मी पाच वर्षं घासून पदवी घेतलेली, वर शस्त्रक्रियेत सुवर्णपदक. पदक घेतानाचा फोटो मी मोठ्या हौसेने दवाखान्यात लावला होता. त्या गावात एकाही माणसाने त्याबद्दल विचारलं नाही. देवमनभाऊ त्याच खिळ्याला आपल्या डब्याची पिशवी टांगत.

मी कराडकडचा. पहिले सहा महिने मला गावाची भाषा अडाणी वाटायची. मग लक्षात आलं की तिथल्या म्हशींना माझी भाषा तशीच वाटते.

दिसायला माणूस अगदी साधा. बुटका, रुंद हातांचा, डाव्या भुवईत कुठल्याशा जुन्या शिंगाची खूण. शर्टाच्या खिशात तीन दात तुटलेला कंगवा. त्याने ते वगारांच्या कपाळावरचे केस विंचरत, आणि कोणी मोठा माणूस आला की त्याच कंगव्याने घाईघाईत स्वतःचेही. गोठ्यात शिरताना चपला बाहेर काढत, एखाद्याच्या देवघरात जावं तशा. आत गेल्यावर लगेच जनावराला हात लावत नसत. नुसते उभे राहत. मालक चुळबूळ करायला लागला की म्हणत, "पाहू द्या ना जरा. त्याचं काय आज लगन लावाचं हाये?"

दुसरी खोड म्हणजे मालकाला ते काही विचारतच नसत. मालक आपला बैल कधी घेतला, केवढ्याला घेतला, सुरुवातीपासून सांगत असायचा. देवमनभाऊ मान डोलवत आणि नजर घराच्या दाराकडे. तिथे डोक्यावर पदर घेतलेली बाई उभी असली की तिला विचारत, "वहिनी, शेन कोन काढते? तुमी? मंग तुमी सांगा." आणि ती सांगायची. चार दिवस पाणी कमी पितो, उजव्या कुशीवर बसत नाही, सकाळी रवंथ करत नाही. कॉलेजात आम्हाला रोगाचा इतिहास घ्यायला शिकवलं होतं. पण तो कोणाकडून घ्यायचा हे कोणी सांगितलं नव्हतं. मला हे दिसत होतं, पटतही होतं, आणि म्हणूनच चीड यायची.

हेवा हा शब्द मी तेव्हा वापरत नव्हतो. मी त्याला शिस्त म्हणायचो. ड्रेसरने ड्रेसरसारखं राहावं, रोगाचं निदान डॉक्टरने करावं, असं मी त्यांना दोनदा सुनावलंही. ते "बराबर हाये साहेब" म्हणाले. त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता.

एकदा एका शेतकऱ्याचा मोबाइल कडब्याच्या गंजीत हरवला. म्हणाला, साहेब, जरा तुमच्या फोनवरून लावून पाहा. मी लावला. गंजीतून भजनाची धून वाजायला लागली. मीच हात घालून मोबाइल काढला. पडद्यावर माझा नंबर होता आणि नाव होतं, "देवमनभाऊचे डाक्टर".

त्या रात्री मी जेवलो नाही असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण जेवलो. फक्त बायकोवर विनाकारण खेकसलो.

मग मी त्यांची नक्कल सुरू केली. हे सांगायला आज लाज वाटते. ते रजेवर असताना एका गोठ्याबाहेर मी ऐटीत बूट काढले, मोजे काढले, आत जाऊन नुसता उभा राहिलो. म्हशीने वळून माझ्याकडे पाहिलं, विचार केला आणि माझ्या उजव्या पायावर पाय दिला. सावकाश. पुढे आठवडाभर मी लंगडत होतो. आणि त्या अंगठ्याला रोज पट्टी कोण बांधत होतं? देवमनभाऊच. पट्टी अशी बांधायचे की दुखणं विसरून मी ती पाहत बसे. "म्हशीनं जानूनबुजून नाई केलं साहेब," ते मला समजावत. तिचीच बाजू घेत होते.

आता सुलतानबद्दल. ज्यासाठी हे लिहायला बसलो ते हेच.

गावात भास्करराव नावाचे मोठे बागायतदार होते. संत्र्याची बाग, कांदा, ट्रॅक्टर, सगळं होतं. फक्त डॉबरमॅन नव्हता. तो त्यांनी अकोल्याहून आणला. चार महिन्यांचं काळं तुकतुकीत पिल्लू, नाव सुलतान, आणि मागे चांगली लांबलचक शेपटी. गावातल्या कोणीतरी मोबाइलवर डॉबरमॅनचे फोटो दाखवले. एकालाही शेपटी नाही. झालं! भास्कररावांना वाटलं, आपल्याला विकणाऱ्याने गंडवलं, गावठी कुत्रीचं पिल्लू गळ्यात मारलं. अस्सल डॉबरमॅन जन्मताच बिनशेपटीचा असतो, अशी त्यांची ठाम समजूत. मी सांगितलं, तसं नसतं, शेपटी कापतात. तेव्हा ते म्हणाले, "मंग कापा ना."

शेपटी नुसत्या दिसण्यासाठी कापणं आमच्या विद्येत बसत नाही, नियमातही बसत नाही. मी हे त्यांना सांगितलं. देवमनभाऊ शेजारी होते. ते हळूच म्हणाले, "मुकं जनावर हाये मालक. तेवढीच त्याची जबान. ते काऊन कापता?" भास्करराव हसले आणि विषय तिथेच राहिला. राहायला हवा होता.

पण चार दिवसांनी भास्कररावांचा मला फोन आला. मला. थेट. "देवमनभाऊले काय समजते त्यातलं? हे तुमच्यासारख्या शिकेल मानसाचं काम." एवढं वाक्य मला पुरलं. देवमनभाऊ मुलीच्या सासरी उंद्रीला जायला एक दिवस रजेवर जाणार होते, तोच दिवस मी ठरवला. गावात एक तरी गोष्ट अशी असावी, जी लोक म्हणतील, साहेबांनी केली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. आतली रक्तवाहिनी बांधायला कॅटगट लागतो, म्हणजे आपोआप आत विरघळणारा धागा. तो दवाखान्यात संपला होता आणि मागवायचं मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी देवमनभाऊ येणार होते. मी थांबलो नाही. बाहेरच्या टाक्यांसाठी असतो तो काळा रेशमी धागा आत वापरला, घट्ट गाठ मारली, वर कातडी शिवली. टाके दहाव्या दिवशी काढले. भास्कररावांनी ओट्यावर बसून चारचौघांत सांगितलं, "आपल्या डाक्टरसाहेबानं केलं, देवमनभाऊले पत्ताबी नाई." तो आठवडा माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा.

तिसऱ्या आठवड्यात सुलतान स्वतःभोवती फिरायला लागला. शेपटीचं दोन बोटं उरलेलं थोटूक दातात धरायचा आणि चावत सुटायचा. आधी सगळे हसले. मग फरशीवर रक्त दिसायला लागलं. थोटकाच्या टोकाला डाळीच्या दाण्याएवढं भोक पडलेलं, त्यातून पाणी यायचं. मी इंजेक्शनं दिली, भोक बुजलं. आठ दिवसांनी पुन्हा उघडलं. निंबोळीचं तेल लावलं, तो ते चाटून ओकला. बादलीचं बूड कापून गळ्यात अडकवलं, तर ती बादली त्याने भास्कररावांच्या नडगीवर आपटली आणि मागचा रस्ता शोधून पुन्हा चावायला लागला. वजन घटलं. जवळ गेलं की गुरगुरायचा, आणि मी गेलो की जास्तच. मला पाहिलं की पार्श्वभाग भिंतीला लावून बसायचा.

भास्करराव एक दिवस म्हणाले, "साहेब, आठ दिवस पाहातो. नाईतर गाडीत टाकून ज्ञानगंगेच्या जंगलात सोडून येतो. बिबट्याचं तरी भलं होईल." ते बोलल्याप्रमाणे करणारे होते. कुत्रं गेलं असतं आणि त्याच्या मागोमाग माझं नावही. खरं सांगायचं तर मला झोप येत नव्हती ती नावासाठी, कुत्र्यासाठी नाही.

भास्कररावांच्या पत्नी मंदावहिनी माझ्यासमोरच म्हणाल्या, "देवमनभाऊले एक डाव दाखवून पाहा ना." मी म्हणालो, "ढोराचं वेगळं असतं वहिनी, कुत्र्याचं वेगळं." दुसऱ्या दिवशी त्या स्वतः दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनी काय विचारलं ते सांगायला नको.

देवमनभाऊंनी माझी परवानगी मागितली. "साहेब, जेवनाच्या सुट्टीत जाऊन येऊ का?" नाही म्हणायला तोंड होतं कुठे? ते चार दिवस दुपारी डबा घेऊन भास्कररावांकडे जात होते. औषध नाही, पट्टी नाही. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही, काहीतरी निमित्त काढून मी गेलो. पडवीत देवमनभाऊ भाकरी खात बसले होते, अनवाणी, आणि ते गुरगुरणारं जनावर त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून झोपलं होतं. माझ्या बायकोने परक्याच्या ताटात वाढावं तसं काहीतरी वाटलं. मी आल्यापावली परत फिरलो.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "साहेब, तो सारं थोटूक नाई चावत. एकच जागा. उजव्या अंगानं. वहिनी सांगते का बसला का दोन मिनटात सुरू होते, अन् कांद्याच्या वाफ्यात वल्या मातीत बसला का चावत नाई. आत काई तरी हाये."

"हाडाचं टोक असेल," मी म्हणालो.

"असंल. चला, पाहू."

भास्करराव, मंदावहिनी, आम्ही दोघं. देवमनभाऊंनी सुलतानला मांडीवर आडवं घेतलं आणि त्याच्याशी बोलत राहिले, "पड बे, पड. तुले कोनी काई करत नाई. साहेब हायेत आपले." मी जागा बधिर केली, बारीक छेद दिला, चिमटा आत घातला. दोनदा घातला, दोनदा रिकामा आला. देवमनभाऊंनी खालून अंगठ्याने दाबलं, म्हणाले, "हितं," आणि मला जमेना तसा चिमटा माझ्या हातातून अलगद घेतला.

पुवाबरोबर बाहेर आला तो काळा धागा. गाठीसकट. शेवटचा पीळ उलटा द्यायची मला सवय आहे. कॉलेजातले सर त्यावरून नेहमी बोलायचे. ती गाठ मी हजारात ओळखली असती.

देवमनभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मूठ मिटली.

"काय निंगालं?" भास्कररावांनी वाकून विचारलं.

"कुसळ," देवमनभाऊ म्हणाले. "गवताचं कुसळ घुसलं व्हतं. आता आराम पडंल त्याले."

कुत्र्यांच्या अंगात कुसळं जातात, ही गोष्ट खरी आहे. भास्कररावांना पटलं. ते देवमनभाऊंच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा रे पठ्ठे! एवढ्या शिकेल मानसाले नाई दिसलं, तुले दिसलं!" आणि मी, ज्याचा अपराध नुकताच झाकला गेला होता, त्या थापेवर जळत उभा होतो. माणूस किती हलका असू शकतो हे मला त्या दिवशी नीट कळलं.

परतताना ते माझ्या गाडीवर मागे बसले होते. मी वाट पाहत होतो. आता बोलतील, आता बोलतील. निदान एक उसासा. रस्ताभर ते कोणाच्या तुरीला शेंगा कशा लागल्यात तेवढंच सांगत होते. दवाखान्यापाशी उतरताना म्हणाले, "साहेब, कॅटगट मागवून ठेवू का?"

बस्स, एवढंच.

सुलतानचं भोक आठवड्यात भरलं. त्याने चावणं सोडलं, अंगावर मांस धरलं, रस्त्याने देवमनभाऊ दिसले की थोटकासकट सगळा मागचा भाग हलवत धावायचा. मला चावला नाही, हेच माझं नशीब. मी मात्र बरा झालो नाही. आधी त्या माणसाच्या हाताचा हेवा वाटायचा. ती उणीव मी कामाने भरून काढीन असं वाटे. आता त्याच्या मनाचाही वाटायला लागला, आणि ही उणीव कशाने भरून काढणार? त्यांच्या जागी मी असतो तर धागा तळहातावर घेऊन सगळ्या गावाला दाखवला असता. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांनाही ठाऊक असावं.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. दवाखान्याच्या आवारात मंडप घातला. इतकी माणसं आली की खुर्च्या हिवरा आश्रम गावाहून मागवाव्या लागल्या. भास्करराव भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी कुसळाची गोष्ट सांगितली, तिखटमीठ लावून. त्यांच्या गोष्टीत ते कुसळ आता बोटभर लांब झालं होतं. देवमनभाऊ हार घालून मान खाली घालून बसले होते. मग माझी पाळी. कागद तयार होता, त्यावर "कर्तव्यदक्ष" वगैरे शब्द होते. मी कागद खिशात घातला आणि म्हणालो, "ते कुसळ नव्हतं. तो माझा धागा होता. मी चुकीचा वापरला, यांनी काढला आणि मला सांभाळून घेतलं."

भास्करराव मोठ्याने म्हणाले, "पाहा, साहेबाचा मोठेपना! देवमनभाऊसाठी सोतावर घेऊन राह्यले!" आणि टाळ्यांचा कडकडाट. लोक उठून देवमनभाऊंच्या पाया पडायला लागले. पाच वर्षांत मी धीर करून एकच मोठी गोष्ट केली, तर तीही त्यांच्याच पदरात पडली. मला हसू आलं आणि रडूही आलं.

चहा देताना मंदावहिनी माझ्यापाशी थांबल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मले तवाच समजलं व्हतं, साहेब. कुसळाले कुठी गाठ असते?" आणि कप हातात देऊन पुढे गेल्या. म्हणजे दोन वर्षं ती बाई सगळं जाणून मला डॉक्टरसाहेब म्हणत होती.

पुढे माझी बदली झाली. गेल्या हिवाळ्यात मेहकरला काम होतं, म्हणून वाट वाकडी करून गावात गेलो. भिंतीवर निळ्या अक्षरांत आता एका बाईचं नाव होतं. नवी डॉक्टर, पंचविशीची असेल. आवारात ती जमिनीवर बसून एका वासराच्या मोडलेल्या पायाला पट्टी बांधत होती आणि तिच्या शेजारी, निवृत्त होऊन चार वर्षं झालेले, केस पार पांढरे झालेले देवमनभाऊ उकिडवे बसले होते. मी फाटकाशी गाडी लावली. दोघांनीही मला पाहिलं नाही.

तिने पट्टी बांधून वर पाहिलं. देवमनभाऊंनी बोट घालून पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "हे काय केलं व पोरी? लक्ष कुठी हाये तुवं? इतकी आवळली त पाय सडंल त्याचा! सोड. साऱ्याच्या सारी सोड अन् पुन्हा बांध."

ती चिडली नाही, लाजलीही नाही. "मग दाखवा ना भाऊ, कुठे चुकलं," म्हणाली आणि पट्टी सोडायला लागली. ते बडबडत होते, तिच्या हातावर चापट मारत होते, तिची बोटं धरून योग्य जागी ठेवत होते.

पाच वर्षं मी त्या माणसाबरोबर काढली. माझ्या चुका त्यांनी झाकल्या, मला सांभाळलं, साहेब म्हटलं. पण असं रागावले मात्र कधीच नाहीत. कुठे चुकलं हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मी फाटकाबाहेर उभा राहून पाहत होतो आणि आयुष्यात प्रथमच मला देवमनभाऊंचा हेवा वाटला नाही. त्या पोरीचा वाटला.